‘सर्व्हर स्लो आहे’ एवढंच नको, सेकंद किती तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात वर्षातून चार-पाच वेळा एक बातमी ठरलेली असते, सर्व्हर डाऊन, नागरिक हैराण. अकरावीच्या प्रवेशाची यादी लागली की एकदा, पीक विम्याची शेवटची तारीख आली की एकदा, सातबारा निघत नाही म्हणून एकदा, आणि शाळा-कॉलेज सुरू व्हायच्या तोंडावर दाखल्यांसाठी एकदा. फोटोही साधारण तोच, सेवा केंद्राबाहेर रांग, छत्र्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले कागद. आणि शेवटी कुठल्यातरी साहेबांचं वाक्य की तांत्रिक अडचण असून ती लवकरच दूर करण्यात येईल. मी ही बातमी वर्षानुवर्षं वाचतेय आणि दरवेळी तीच चिडचिड होते, अहो स्लो म्हणजे किती स्लो? कुठे स्लो? सगळ्यांनाच का फक्त काहींना? पाऊस पडला तर तुम्ही मिलिमीटर छापता, धरणाचा साठा टीएमसीत आणि वर टक्क्यात छापता, लासलगावला कांदा क्विंटलला काय गेला ते किमान-कमाल-सरासरी अशा तीन रकान्यांत छापता, मग माणूस अख्खा दिवस ज्या गोष्टीसाठी ताटकळला तिचा आकडा बातमीत का नसतो?

आणि हे मोजायला अवघड आहे म्हणावं तर तसंही नाही. मी पुण्यात लिनक्स सर्व्हर सांभाळायचं काम करते. आमच्याकडे कुणी ‘ॲप्लिकेशन स्लो आहे’ असं तिकीट (म्हणजे तक्रार) टाकलं की पहिला प्रश्न उलट जातो, किती सेकंद, कधीपासून, कुठून बघताय. हे सांगता आलं नाही तर तिकिटावर काही होत नाही कारण करणार काय. हा वेळ मोजणारी टूल्स फुकट आहेत, काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायची आणि एंटर मारायचं. विचारल्यापासून उत्तर यायला लागलेला वेळ, आमच्या भाषेत लेटन्सी, एवढंच ती सांगतात. (तुमच्या घरी १०० एमबीपीएसचं नेट आहे का ३०० चं याचा इथे फारसा संबंध नाही, फॉर्मचं पान असतं केवढंसं.)

त्यातलं सगळ्यात कामाचं टूल म्हणजे कर्ल. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गने १९९८ मध्ये ते या नावाने बाहेर आणलं आणि आज ते तुमच्या मोबाइलमध्ये, टीव्हीत, गाडीत कुठे ना कुठे बसलेलं असतं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून आपोआप येतं, मॅकवर असतंच, अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं ॲप टाकलं की तिथेही चालतं. याला साइटचा पत्ता दिला की ते पान आणून देतं, पण डॅश डब्ल्यू हा ऑप्शन लावला की पान आणताना वेळ कुठे कुठे गेला त्याचा हिशोब पण देतं. म्हणजे तहसील कचेरीत गेल्यावर कचेरी नेमकी कुठे आहे ते विचारण्यात किती वेळ गेला, दारापर्यंत पोचायला किती, दारावर ओळखपत्र बघायला किती, आणि मग खिडकीशी उभं राहिल्यावर क्लार्कने पहिला शब्द बोलेपर्यंत किती, असं वेगवेगळं. यातल्या पहिल्याला डीएनएस म्हणतात (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं), दुसऱ्याला कनेक्ट, तिसऱ्याला टीएलएस म्हणजे ते कुलपाचं चिन्ह दिसतं ना ते, आणि चौथा म्हणजे पहिला बाइट, उत्तराचा अगदी पहिला कण. बहुतेक भांडणं त्या चौथ्यात असतात.

मागच्या पावसाळ्यात एका पोर्टलचं, नाव घेत नाही कारण आज हे असेल उद्या दुसरं, मी घरून घेतलेलं रीडिंग असं होतं: नाव सापडलं ०.०३ सेकंदात, कनेक्ट झालं ०.०५ ला, टीएलएस संपलं ०.१३ ला, पहिला बाइट आला २१.४० ला आणि पान पूर्ण झालं २१.६० ला. हे सगळे आकडे सुरुवातीपासून मोजलेले असतात, म्हणून एकातून दुसरा वजा करायचा. म्हणजे नेटवर्कचं सगळं काम मिळून गेले ०.१३ सेकंद, पान खाली उतरायला लागले ०.२, आणि मधले सव्वाएकवीस सेकंद त्यांचा सर्व्हर आत काहीतरी करत बसला होता, नाहीतर कशाची तरी वाट बघत होता. त्याच दिवशी हेल्पलाइनवरून सेवा केंद्रवाल्यांना काय सांगत होते, तर तुमचं नेट चेक करा, राउटर बंद करून चालू करा, ब्राउझरची कॅशे क्लिअर करा. आता ज्याच्या हातात ही एक ओळ आहे तो माणूस राउटर बंद करत बसेल का? तो सरळ सांगेल साहेब माझं नेट ०.०५ ला तुमच्या दारात पोचलंय, पुढचं तुमचं बघा.

आणि गंमत म्हणजे आकडे नीट बघायला लागलं की ते स्वतःच बोलायला लागतात. नाव शोधायलाच ५ सेकंद आणि वर थोडे मिलिसेकंद लागत असतील तर बहुतेक वेळा पहिला डीएनएस सर्व्हर मेलेला असतो, लिनक्समध्ये त्याची वाट बघायची डिफॉल्ट मुदत ५ सेकंद आहे, ती संपली की मशीन दुसऱ्या सर्व्हरला विचारतं आणि त्याचं उत्तर लगेच येतं. म्हणजे प्रत्येक नव्या चौकशीला ५ सेकंदांचा दंड, आणि लोक म्हणतात साइट स्लो. कनेक्टचा आकडा एक सेकंदाच्या जरासा वर, किंवा तीनच्या जरासा वर, किंवा सातच्या, असा उड्या मारत असेल तर पहिलं पाकीटच (नेटवरून माहिती अशा छोट्या पाकिटांतून जाते) हरवलंय, कारण उत्तर नाही आलं तर मशीन १ सेकंदाने परत पाठवतं, मग २ सेकंद थांबून, मग ४ थांबून (अगदी नव्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, हे गणित जरा बदललंय पण फील्डवरची बरीच मशिन्स जुनीच असतात). हे पाकीट रस्त्यात हरवतं, नाहीतर समोरच्या सर्व्हरची रांग भरून गेल्यावर तो नवीन माणसाकडे बघतच नाही म्हणून हरवतं. आणि बरोबर ६० सेकंदांनी ५०४ गेटवे टाइमआउट असं पांढरं पान आलं तर पुढे एन्जिन-एक्स, म्हणजे आलेली मागणी मागच्या ॲप्लिकेशनकडे पोचवणारा दारावरचा प्रोग्राम, बसलेला असण्याची शक्यता दाट, त्याची वाट बघायची डिफॉल्ट मुदत ६० सेकंद आहे, ती कुणी बदललेली नाही, आणि मागचं ॲप्लिकेशन त्या वेळात परत आलेलं नाही. ५, १, ३, ७, ६० असे गोल आकडे दिसले की समजायचं मशीनला काम जड झालेलं नाहीये, कुठेतरी कुणीतरी कुणाची तरी वाट बघून थकलंय. खरंच काम जड झालं असेल तर आकडा वाकडातिकडा येतो, एकदा ८.३७, एकदा १४.९, एकदा ११.०२.

आता पिंगबद्दल, कारण बहुतेक लोकांना तेवढं एकच माहीत असतं आणि तिथेच फसवणूक होते. समोरच्या मशीनला हाक मारून उत्तर किती वेळात येतं एवढंच बघणारं पिंग हे टूल माइक मूस नावाच्या माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलं, अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत तो कामाला होता, नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून एका संध्याकाळीत बसून लिहून टाकलं, पाणबुडीच्या सोनारचा आवाज येतो तसं नाव दिलं. चाळीस वर्षं झाली, अजून चालतंय. पण पिंगला उत्तर कोण देतं, तर समोरच्या मशीनचा कर्नल. ॲप्लिकेशन झोपलेलं असो, डेटाबेस अडकलेला असो, कर्नल जागा आहे तोवर पिंग १२ मिलिसेकंदांत छान उत्तर आणून देतं. त्यामुळे ‘आम्ही पिंग करून बघितलं, सर्व्हर चालू आहे’ हे वाक्य खरं असूनही निरुपयोगी असतं. उलटंही होतं, कितीतरी ठिकाणी फायरवॉलवर (नको ते ट्रॅफिक दारातच अडवणारी व्यवस्था) पिंग बंद केलेलं असतं आणि मग पत्रकार मित्र पिंग करून छापतात की सर्व्हर बंद. साइट आपली मजेत चालू असते.

टेंडरमध्ये पण हेच होतं बरं का. कंत्राटात लिहिलेलं असतं ९९.९ टक्के अपटाइम. वर्षाचे ८७६० तास, म्हणजे वर्षभरात पावणेनऊ तास बंद राहिलं तरी चालेल असा त्याचा अर्थ. पण ‘चालू’ कशाला म्हणायचं? पिंगला उत्तर आलं की चालू? मग पान उघडायला ४० सेकंद लागत असतील तरी कागदावर सगळं शंभर टक्के चालूच आहे, ठेकेदाराचं बिल निघतं, आणि रांगेतला माणूस उद्या या असं ऐकून घरी जातो. कुणी खोटं बोलत नसतं यात, प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

रस्त्यात कुठे अडतंय ते बघायचं असेल तर एमटीआर नावाचं टूल. मॅट किंबॉलने १९९७ मध्ये सुरू केलेलं, पुढे रॉजर वुल्फने सांभाळलं. आपल्यापासून समोरच्यापर्यंत वाटेत जेवढे राउटर लागतात त्या प्रत्येकाला ते सारखं विचारत राहतं आणि कुठे किती मिलिसेकंद, कुठे किती टक्के पाकिटं गायब ते ओळीने दाखवतं. पण हे वाचायची एक खुबी आहे जी न कळल्यामुळे निम्मी भांडणं होतात. मधल्याच एखाद्या राउटरपुढे ६० टक्के लॉस दिसतो आणि लोक स्क्रीनशॉट काढून नेटवाल्याच्या अंगावर जातात. अहो तो राउटर बाकीचं ट्रॅफिक व्यवस्थित पुढे पाठवतोय, फक्त अशा चौकशांना उत्तर द्यायला त्याला वेळ नाही, मुद्दाम कमी महत्त्व दिलेलं असतं त्यांना. लॉस एका ठिकाणी सुरू होऊन थेट शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच तो खरा. मध्येच दिसून पुढे शून्य झाला तर विसरून जायचं.

आणि काही उशीर कुणाच्या बापाला कमी करता येत नाही. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन हवाई अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन यायला कमीत कमी ७२ मिलिसेकंद लागणारच, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ज्या समुद्री केबल येऊन वर चढतात त्यातल्या युरोपकडे जाणाऱ्या बऱ्याचशा तांबड्या समुद्रातून जातात, तिथे सप्टेंबर २०२५ मध्ये केबल तुटल्या तेव्हा मायक्रोसॉफ्टने स्वतः जाहीर केलं की मध्यपूर्वेतून जाणाऱ्या आमच्या क्लाउडच्या ट्रॅफिकला जास्त लेटन्सी लागेल, कारण ते लांबच्या वाटेने वळवलंय. बघा, बंद पडलंय असं नाही म्हणाले, उशीर वाढलाय आणि का वाढलाय ते सांगितलं. आपल्या गावच्या दाखल्याला मात्र हे कारण चालत नाही, एकाच राज्यातल्या दोन शहरांत जाऊन यायला खरं तर पाच-दहा मिलिसेकंद, फार तर वीस-तीस.

मग ते सव्वाएकवीस सेकंद आत जातात कुठे? हे बाहेरून दिसत नाही, त्यासाठी सर्व्हरवर बसावं लागतं, आणि तिथेही साध्याच कमांड आहेत. व्हीएमस्टॅट मारलं की सीपीयू खरंच काम करतोय का नुसता डिस्कची वाट बघतोय ते एका कॉलममध्ये दिसतं. आयओस्टॅटमध्ये अवेट म्हणून आकडा असतो, डिस्ककडे मागितलेली गोष्ट हातात पडायला सरासरी किती मिलिसेकंद लागले तो. २००८ मध्ये इंटेलच्या आर्यन व्हॅन द व्हेनने लेटन्सीटॉप नावाचं टूल काढलं होतं, कुठला प्रोसेस कशासाठी अडकलाय ते सांगणारं, ते आता फारसं कुणी वापरत नाही. २०१८ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स ४.२० पासून कर्नलमध्येच प्रेशर म्हणून एक फोल्डर असतं, त्यातल्या फाइली कॅट करून बघितल्या की गेल्या १० सेकंदांत, ६० सेकंदांत, ५ मिनिटांत किती टक्के वेळ कामं सीपीयू, मेमरी किंवा डिस्कसाठी ताटकळली ते सरळ आकड्यात मिळतं. मला विचाराल तर लोड ॲव्हरेज (चालू आणि ताटकळलेल्या कामांची सरासरी संख्या) बघण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

एक उदाहरण सांगते, ठिकाण सांगत नाही. एका ठिकाणी रोज अकराच्या सुमाराला सगळं जड व्हायचं, साडेबाराला आपोआप सुटायचं. नेट देणाऱ्या कंपनीला शिव्या घालून झाल्या, लाइन बदलून झाली, रॅम वाढवून झाली, कुणीतरी म्हणालं अकराला सगळे कामाला लागतात म्हणून होत असेल, आणि ते पटण्यासारखंही होतं. सार नावाचं एक टूल असतं, ते बसवलेलं असलं की दर १० मिनिटांनी मशीनची नाडी बघून लिहून ठेवतं, त्यामुळे मागचं सगळं बघता येतं. त्यात डिस्कचा अवेट दिवसभर २-३ मिलिसेकंद, आणि अकराला एकदम ४०० च्या घरात. रविवारी पण! रविवारी ऑफिसला सुट्टी, एक माणूस नाही. म्हणजे माणसांमुळे नव्हतंच ते. मग शोधल्यावर कळलं की बॅकअप पहाटे साडेपाचला लावलेला होता, लावणाऱ्याने विचार बरोबरच केला होता, पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आणि यूटीसीचे पहाटेचे साडेपाच म्हणजे आपले सकाळचे अकरा. क्रॉनमधला (ठरल्या वेळी कामं सुरू करणारं टूल) एक आकडा बदलला, संपलं. याआधी त्यावर किती पैसे आणि किती भांडणं खर्ची पडली ते विचारू नका. आणि मुख्य म्हणजे तोवर रोज दीड तास शंभरेक लोकांना ‘नेट स्लो आहे’ हेच सांगितलं जात होतं.

डिस्क किती नाजूक प्रकरण असतं याचा तर एक मशहूर किस्सा आहे. २००८ च्या शेवटी सन मायक्रोसिस्टिम्स या कॉम्प्युटर कंपनीत ब्रेंडन ग्रेग नावाचा इंजिनिअर डेटासेंटरमध्ये डिस्कच्या रॅकपुढे तोंड नेऊन जोरात ओरडला आणि स्क्रीनवर त्याच क्षणी डिस्कची लेटन्सी उसळलेली दिसली, आवाजाच्या कंपनाने. ऐकायला चेष्टा वाटते, पण दर सेकंदाला मोजत होते म्हणून दिसली. पाच मिनिटांची सरासरी काढत बसले असते तर त्यात ते ओरडणं विरघळून गेलं असतं.

सरासरीचा विषय निघालाच आहे तर तेही बोलते, कारण कधी ना कधी एखादं खातं तुम्हाला आकडा देईल आणि तो सरासरीचा देईल. १०० लोकांनी पान उघडलं, ९९ जणांना ०.२ सेकंद लागले आणि एकाला ३०, तर सरासरी निघते अर्धा सेकंद. अर्धा सेकंद छान आहे की! पण तो अर्धा सेकंद शंभरातल्या एकालाही लागलेला नाही. म्हणून आमच्या क्षेत्रात पर्सेंटाइल विचारतात, १०० पैकी ९५ जणांचं काम किती सेकंदांच्या आत झालं, ९९ जणांचं किती. सीईटीच्या निकालांमुळे पर्सेंटाइल आता घराघरात माहीत झालंय तेव्हा वाचकांना समजणार नाही ही सबब नको. आणि ‘शंभरात एकालाच त्रास’ हे पण फसवं आहे. एक फॉर्म भरताना मागे अनेक सर्व्हरना विचारावं लागतं, ओळख पटवणारा वेगळा, फोटो ठेवणारा वेगळा, एसएमएस पाठवणारा वेगळा, पैशाचा वेगळा. गूगलच्या जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३ मध्ये हे गणित मांडलं होतं, प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच सेकंदाच्या वर जात असेल आणि एका कामाला असे १०० सर्व्हर लागत असतील तर ६३ टक्के कामं सेकंदाच्या वर जातात. आपल्या पोर्टलला १०० नसतील लागत, १० धरा, तरी जवळपास दहातल्या एकाला फटका बसतो.

शेवटच्या तारखेला सगळं का कोसळतं याचंही गणित जुनं आहे, कोपनहेगनच्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ मध्येच अशा रांगांचा हिशोब मांडायला सुरुवात केली होती. साध्यात साध्या मॉडेलमध्ये सर्व्हर निम्मा भरलेला असला की एका कामाला दुप्पट वेळ, ९० टक्के भरला की दहापट, ९९ टक्के भरला की शंभरपट. म्हणजे जे काम एरवी ०.१ सेकंदाचं ते ९० टक्क्यांवर १ सेकंदाचं आणि ९९ वर १० सेकंदांचं, आणि हा ९० पासून ९९ चा प्रवास गर्दीत दहा मिनिटांत होऊन जातो. त्यात १० सेकंद ही माणसाच्या धीराची मर्यादा, माणसं कॉम्प्युटर कसा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनने १९९३ मध्येच लिहिलंय की त्यापुढे माणसाचं लक्ष उडतं. लक्ष उडालं की हात जातो रिफ्रेशवर. एका माणसाची आता दोन कामं झाली, पहिलं आत अजून चालूच आहे. म्हणून ३० तारखेला बरं चालणारं पोर्टल ३१ ला दुपारी दोननंतर झोपतं, आणि मुदत वाढवली की नव्या शेवटच्या दिवशी परत झोपतं. लेटन्सी रोज कुणी बघत असेल तर २८ तारखेलाच दिसतं हे येणार आहे, ०.२ चं ०.५ झालं, ०.५ चं १.१ झालं. डाऊन व्हायच्या आधी सर्व्हर दोन दिवस ओरडून सांगत असतो, ऐकायला कुणी बसलेलं नसतं.

आपल्याकडे हे जमतच नाही असं मात्र नाही. यूपीआयचंच बघा, ते चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने १६ जून २०२५ पासून पैसे पाठवण्याच्या विनंतीला उत्तर द्यायची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आणली, व्यवहाराची स्थिती तपासायची ३० वरून १० वर. सेकंदात सांगितलं, तारीख सांगितली, बँकांना बांधून टाकलं. मग दाखल्याच्या पोर्टलला असा एक आकडा का नसावा? ९५ टक्के वेळा पान ३ सेकंदांच्या आत, आणि कालचा आकडा काय होता तो पोर्टलच्याच खालच्या कोपऱ्यात रोज छापा. एवढं केलं तर माझ्यासारख्यांना पत्रं लिहायची वेळ येणार नाही.

पण ते होईल तेव्हा होईल. माझं म्हणणं आहे तुमच्याकडून सुरुवात व्हावी. पुढच्या वेळी बातमीदार सेवा केंद्रावर गेला की त्याने फोटो काढावाच, पण तिथल्याच मशीनवरून ती एक ओळ मिनिटाला एकदा अशी वीस वेळा चालवावी, तेवढ्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या बातमीदाराकडूनही चालवून घ्यावी, आणि बातमीत लिहावं की सकाळी ११ ते ११.२० मध्ये २० पैकी अमुक वेळा पान १० सेकंदांच्या आत आलं नाही, त्यातला बहुतेक वेळ कनेक्ट झाल्यानंतरचा होता. मग साहेबांना फोन लावून विचारावं. तांत्रिक अडचण हे उत्तर तेव्हा देता येत नाही हो, निदान कुठल्या भागात अडचण आहे एवढं तरी बोलावं लागतं. आणि कधी असंही निघेल की पोर्टल ठीक होतं, केंद्रावरचा डीएनएसच मेलेला होता, तर तेही छापावं, उगाच सगळं सरकारच्या डोक्यावर कशाला.

एक काळजी मात्र घ्यायला सांगा. मिनिटाला एकदा म्हणजे एकदाच, उत्साहाच्या भरात कुणी लूप लावून सेकंदाला पन्नास वेळा मारायला लागला तर तो मोजत नाहीये, आधीच वाकलेल्या सर्व्हरवर अजून ओझं टाकतोय, आणि आयटी कायद्याखाली अडचणीतही येऊ शकतो. सगळ्यांसाठी उघडं असलेलं पान साधेपणाने एकदा उघडणं आणि घड्याळ बघणं यात काही गैर नाही, तेवढ्यावर थांबायचं. लॉगिनच्या आतलं काही तपासायचं नाही, कुणाचा पासवर्ड वापरायचा नाही.

पूर्ण कमांड मी या पत्रात मुद्दाम लिहिलेली नाही, कारण छापताना तुमच्याकडचं सॉफ्टवेअर दोन छोट्या डॅशचा एक मोठा डॅश करतं आणि साध्या अवतरण चिन्हांना गोंडस वळणं देतं, मग वाचकाने पेपरात बघून जसंच्या तसं टाइप केलं तरी एरर येते आणि तो मला नावं ठेवतो. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वेगळ्या मेलने पाठवतेय, विंडोजसाठी एक आणि लिनक्स-मॅकसाठी एक अशा दोन ओळी आहेत, बातमीदारांच्या ग्रुपवर तेवढी फाइल टाका. व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून पेस्ट करू नका, फाइल म्हणूनच जाऊ द्या.

आपली नेहमीची वाचक,
पुणे